अल्नर नर्व्हची दुखापत: चार्ट वाचण्यापासून कोडपर्यंत

मेडिकल कोडिंग म्हणजे रुग्णाच्या नोंदी (चार्ट) वाचून आजार आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड लावणं. अल्नर नर्व्हचा, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा, चार्ट समोर आला की कोडबुक नंतर उघडा. आधी चार गोष्टी शोधा: हात उजवा की डावा, नर्व्ह कोणत्या पातळीवर दुखावली, कशाने दुखावली आणि आजची भेट उपचाराच्या कोणत्या टप्प्यातली आहे. हात कोणता हे सापडलं नाही तरी कोड लावता येतो, पण तो ‘अनस्पेसिफाइड’ (तपशील न दिलेला) असतो, आणि असे क्लेम (विम्याकडे पाठवलेली बिलं) परत येण्याची शक्यता जास्त.

नागपुरात हे काम दोन तऱ्हांनी चालतं. अमेरिकन चार्टांवर काम करणाऱ्यांना आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडयादीची अमेरिकन आवृत्ती, लागतं. इथल्या रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० वापरतात. मूळ आवृत्तीत कोड चार अक्षरी, तर सीएममध्ये तो सात अक्षरांपर्यंत लांबतो. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की गोंधळ होतो; मूळ आवृत्तीत उजवा-डावा आणि सातवं अक्षर नाहीच.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच फाट्यावर होते. अपघाताने झालेली ताजी इजा ‘एस’ने सुरू होणाऱ्या कोडात जाते. कोपराशी नर्व्ह हळूहळू दाबली जाणं, म्हणजे क्युबिटल टनेल सिंड्रोम, किंवा मनगटात गायन कॅनॉलमध्ये दाबली जाणं, हे जी५६.२ मध्ये: उजवा जी५६.२१, डावा जी५६.२२, दोन्ही जी५६.२३. सीएममध्ये जी५६ खाली ‘एक्सक्लूड्स १’ची (हे कोड एकत्र लावू नका अशी) सूचना आहे, म्हणून त्याच नर्व्हच्या ताज्या आघाती इजेसोबत हा कोड लावायचा नाही. ‘अल्नर न्यूरोपॅथी’ (अल्नर नर्व्हचा विकार) एवढंच लिहिलेलं असेल आणि दोन ओळी वर गाडीवरून पडल्याचा उल्लेख असेल, तर अंदाज बांधू नका, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा.

इजा आघाती ठरली की पातळी बघायची. दंडात एस४४.०, कोपर आणि पुढच्या हातात (कोपर ते मनगट) एस५४.०, मनगट आणि पंजात एस६४.०. कोपर एस५४ मध्ये येतं, हे नवीन कोडर हमखास विसरतात आणि दंडाचा कोड टाकतात. सीएममध्ये पाचवं अक्षर बाजू सांगतं: १ उजवा, २ डावा, ० अनस्पेसिफाइड. सहावी जागा एक्सने भरायची, मग सातवं अक्षर. उजव्या मनगटाची ताजी इजा म्हणजे एस६४.०१एक्सए. एक्स विसरला तर कोड अवैध ठरतो. दोन्ही हातांसाठी एकत्र कोड इथे नाही, दोन वेगळे लावायचे.

संक्रांतीच्या सुमाराला नायलॉन मांज्याने करंगळी कापलेले रुग्ण येतात, करंगळी बधिर असते, आणि हात आपोआप एस६४.०कडे वळतो. पण जखम बोटावर असेल आणि डॉक्टरांनी डिजिटल नर्व्ह (बोटातली नर्व्ह) लिहिली असेल, तर कोड वेगळा: उजव्या करंगळीला एस६४.४९६ए. यात सहाही जागा भरलेल्या असल्यामुळे एक्स लागत नाही. बाह्य कारणाला डब्ल्यू२६.८एक्सएक्सए लागतो, काचेने कापलं असेल तर डब्ल्यू२५.एक्सएक्सएक्सए.

उघडी जखम असेल तर तिचा कोड सोबत द्या. उजव्या मनगटावर कापलं असून आत काही अडकलेलं नसेल तर एस६१.५११ए. काचेने मनगट कापलं की अल्नर धमनी आणि फ्लेक्सर कार्पी अल्नॅरिस हा स्नायूही नर्व्हच्या अगदी शेजारी असतो, म्हणून ऑपरेशन नोटमध्ये त्यांचा उल्लेख आहे का ते तपासा. क्रमाचा नियम असा: मुख्य इजा नर्व्हचीच असेल तर ती आधी, आणि मोठ्या इजेत नर्व्हला किरकोळ धक्का बसला असेल तर मोठी इजा आधी.

सातव्या अक्षराबद्दलचा एक गैरसमज आता तरी संपावा. ए म्हणजे ‘पहिली भेट’ नव्हे, सक्रिय उपचार. तीन आठवड्यांनी नर्व्ह शिवली तरी ए. टाके काढणं, फिजिओथेरपी, नियमित तपासणी यांना डी. जुन्या इजेमुळे पंजा वाकडा राहिला तर एस. तिथे आधी परिणाम, मग मूळ इजा: एम२१.५११ आणि त्यानंतर एस५४.०१एक्सएस. मूळ आयसीडी-१० मध्ये मात्र यासाठी वेगळा कोड आहे, टी९२.४. वाकडा पंजा दिसला म्हणून मात्र इजा समजू नका. कुष्ठरोगातही अल्नर नर्व्ह वारंवार धरली जाते, आणि विदर्भातल्या चार्टांत ही शक्यता बाजूला सारता येत नाही. तो आजार ए३० मध्ये, त्याचे उरलेले परिणाम बी९२ मध्ये.

आता डॉक्टरांच्या नोंदीकडे. ‘अल्नर इंज्युरी, प्लॅन: एक्सप्लोरेशन’ (उघडून पाहणं) एवढ्यावर काही उभं राहत नाही. करंगळी आणि अनामिकेची संवेदना, टू-पॉइंट डिस्क्रिमिनेशन (दोन टोकं वेगळी जाणवण्याचं अंतर) मिलिमीटरमध्ये, फर्स्ट डॉर्सल इंटरऑसिअस आणि अ‍ॅब्डक्टर डिजिटी मिनिमी या पंजातल्या स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये, फ्रोमेंट चिन्ह (अंगठ्याच्या चिमटीची चाचणी), टिनेल (नर्व्हवर टिचकी मारल्यावर येणाऱ्या मुंग्या) कुठे लागतो, हे हवं. हाताच्या मागच्या बाजूची संवेदनाही लिहिलेली असावी, कारण तिची शाखा मनगटाच्या काही सेंटिमीटर वरच वेगळी होते. ती संवेदना शाबूत असेल तर इजा बहुधा मनगटाशी. हा निष्कर्ष डॉक्टरांनी काढायचा, कोडरने नव्हे.

ऑपरेशनचं बिल सीपीटीवर, म्हणजे उपचारांच्या अमेरिकन कोडयादीवर, चालतं. कोपराशी नर्व्ह मोकळी करणं किंवा हलवणं ६४७१८, मनगटाशी मोकळी करणं ६४७१९. हलवण्याचे पैसे वेगळे मागू नका, ते ६४७१८ मध्येच आहेत. पुढच्या हातात मुख्य नर्व्ह शिवली तर ६४८५७, सोबत ट्रान्सपोझिशन (नर्व्ह हलवणं) केलं तर ६४८५६, तळहातातली मोटर शाखा शिवली तर ६४८३६. ग्राफ्ट (फट भरायला जोडलेला नर्व्हचा तुकडा) असेल तर तो ४ सेंटिमीटरपर्यंत की जास्त, आणि एक धागा की केबल (अनेक धागे), यावर कोड बदलतो. म्हणून नोटमध्ये फटीची आणि ग्राफ्टची लांबी आकड्यात हवी. ‘लूपने (भिंगाच्या चष्म्याने) शिवली’ असं लिहिलं असेल तर मायक्रोस्कोपचा ६९९९० लागत नाही.

क्वेरीत उत्तर सुचवू नका. ‘इजा कोपराशी आहे, बरोबर ना?’ हे चूक. ‘इजेची पातळी कृपया नमूद करावी: दंड, कोपर किंवा पुढचा हात, मनगट किंवा पंजा, अन्य, सांगता येत नाही’ असं विचारा. ईएमजीचा (स्नायूंच्या विद्युत तपासणीचा) रिपोर्ट जोडताना तारीख बघा: इजेनंतर पहिल्या काही दिवसांत केलेली सुईची तपासणी स्नायूची डिनर्व्हेशन (नर्व्हशी संबंध तुटल्याच्या खुणा) दाखवत नाही, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधीच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर बोट ठेवून इन्शुरन्सवाल्यांनी ऑपरेशनची गरज नाकारली, तर अपिलात हेच कारण डॉक्टरांकडून लिहून घ्या.