शास्त्रभागातून प्रवचन कसे उभे करावे

वाइल्डर मेमोरियल चर्चसारखी कोल्हापुरातील जुनी ख्रिस्ती मंडळी असो, की गडहिंग्लजकडे एखाद्या घरात जमणारी दहावीस माणसे असोत, रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधील एक भाग, वाचला जातो. पण पुष्कळदा पुढच्या अर्ध्या तासात त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. विषय आधीच ठरलेला असतो आणि वचन त्याला टेकू म्हणून लावलेले असते. प्रवचनाचा विषय, मुद्द्यांचा क्रम आणि बोलण्याचा जोर हे तिन्ही शास्त्रभागानेच ठरवावेत, म्हणजे मंडळीला वक्त्याचे मत नव्हे, तर देवाचे वचन ऐकायला मिळते.

त्यासाठी सुटे वचन न निवडता एक पुस्तक क्रमाने घ्यावे. 1519 साली धर्मसुधारक झ्विंग्लीने स्वित्झर्लंडमधील झुरिकमध्ये मत्तयाचे शुभवर्तमान असेच आरंभापासून सांगायला घेतले होते. या पद्धतीत अवघड भाग टाळता येत नाहीत, आणि ज्या लहान मंडळीत निम्मे लोक एकमेकांचे नातलग असतात, तिथे ‘पाळकांनी आज मलाच टोमणा मारला’ असे म्हणायलाही जागा उरत नाही.

भाग ठरला की सोमवारीच तो मोठ्याने वाचावा. भाष्यग्रंथ नंतर उघडावेत. आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचल्याशिवाय टिपण करू नये. मत्तय 20 मधील द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला पाहा: पहाटेपासून राबलेल्यांना आणि संध्याकाळी पाच वाजता आलेल्यांना धनी सारखीच मजुरी देतो. तो खरे तर 19:27 (अध्याय 19, वचन 27) मध्ये सुरू होतो, कारण ‘आम्ही सर्व सोडून आलो, आम्हाला काय मिळणार?’ असे येशूचा शिष्य पेत्र तिथे विचारतो. 19:30 आणि 20:16 या दोन्ही ठिकाणी पहिले व शेवटले यांची उलटापालट सांगितली आहे आणि दाखला त्या दोहोंच्या मध्ये आहे. मजुरी त्याच संध्याकाळी का दिली, याचे कारण जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात, 24:15 मध्ये सापडते: मजूर गरीब असतो, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी त्याचे पैसे द्यावेत. एवढे ध्यानात आले की प्रवचनाचा गाभा एका वाक्यात लिहावा: देव आपल्या सेवेचा हिशेब ठेवून नव्हे, तर आपल्या चांगुलपणाने देतो. हे वाक्य जमत नसेल, तर भाग पुन्हा वाचावा.

लागूकरण, म्हणजे वचन आपल्या जगण्याला लावून दाखवणे, त्यानंतर करावे. आपल्याकडे मजूर नाक्यावर दुपारपर्यंत ताटकळणारी माणसे आणि हंगामात उसाच्या फडात राबणाऱ्या टोळ्या सर्वांनी पाहिल्या आहेत, म्हणून पाच वाजेपर्यंत कोणीच कामावर न घेतलेल्या माणसाची काळजी श्रोत्यांना लगेच कळते. मात्र तेवढ्यावरून प्रवचन मजुरीच्या दरांकडे वळवू नये. दाखल्यातील कुरकुर पहाटेपासून राबणाऱ्यांची आहे, आणि तीन पिढ्यांपासून चर्चमध्ये असलेल्या कुटुंबांना नव्याने आलेल्यांविषयी वाटणाऱ्या नाराजीपर्यंत ती नेऊन भिडवावी. माझ्या मते इथेच वक्त्याचे धैर्य लागते.

आधीची वचने न वाचल्यास काय होते, हे फिलिप्पै 4:13 वरून कळते. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे’ हे वचन परीक्षेतील यशासाठी सर्रास वापरले जाते. प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो, आणि उपासमार व विपुलता या दोन्हींत राहायला शिकल्यावर लिहितो, हे 11 व 12 ही वचने वाचताच दिसते.

शास्त्रपाठ वाचणाऱ्याला भाग आदल्या दिवशीच द्यावा. नहेम्या 8:8 प्रमाणे वाचन स्पष्ट असले, तरच अर्थ सांगता येतो. बोलताना वचनांचे क्रमांक सांगावेत, श्रोत्यांना पान काढायला वेळ द्यावा, आणि पुढच्या रविवारचा भाग आशीर्वादापूर्वी जाहीर करावा, म्हणजे घरोघरी तो आधी वाचून होईल.