लहान ब्रीडच्या कुत्र्याचं पिल्लू आणल्यावर खाण्याच्या या चुका टाळा

आमची चिंगी घरी आली तेव्हा दोन महिन्यांची होती, पोमेरेनियन, वजन 850 ग्रॅम. चौथ्या दिवशी ती खेळून दमली आणि रात्री आठलाच झोपली, शेवटचं खाणं राहिलंच होतं पण म्हटलं झोपलंय लेकरू तर कशाला उठवा. सकाळी सातला बघतो तर उभं राहता येईना, पाय चारी दिशांना, मान लटपटतीये, अंग थरथरतंय. आम्हाला वाटलं थंडी वाजतीये, म्हणून शालीत गुंडाळलं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, शेवटचं कधी खाल्लं? अकरा तासांच्या वर झाले होते. शुगर पडली होती. बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळायला सांगितला, दहा मिनिटांत मान वर केली तिने, मग तसंच उचलून दवाखान्यात.

ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक, मोठा गॅप. छोट्या पिल्लाचं पोट एवढंसं, लिव्हरमध्ये साखरेचा साठा जवळपास नाहीच, आणि वजनाच्या मानाने एनर्जी मात्र मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्त लागते, त्यामुळे टाकी पटकन रिकामी होते. चिवावा, यॉर्की (यॉर्कशायर टेरियर), टॉय पूडल, पोमेरेनियन यांना हा धोका जास्त, खासकरून तीन-चार महिन्यांपर्यंत. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोनदा. रात्रीचं शेवटचं खाणं झोपायच्या अगदी आधी आणि सकाळचं उठल्या उठल्या, तुमचा चहा नंतर. आणि पिल्लू बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं, फक्त हिरडीवर चोळा आणि निघा.

आता यातलीच पुढची गोष्ट. नखरे करतोय? भूक लागली की खाईल बरोबर, असा सल्ला सगळे देतात. मोठ्या कुत्र्याला ठीक आहे हो. पण किलोभराच्या पिल्लाला उपाशी ठेवून शिस्त लावायला जाऊ नका. वाडगं 15-20 मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर उचला, तासाभराने परत द्या, कोमट पाण्यात भिजवून दिलं की वास सुटतो आणि बहुतेक वेळा खातंच. लागोपाठ दोन खाणी सोडली किंवा मलूल दिसलं तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन.

दुसरीकडे दिवसभर वाडगं भरून ठेवणारेही आहेत. त्यात काय होतं की किती खाल्लं ते कळतच नाही, म्हणजे खाणं कमी झालंय हेही कळत नाही, आणि शी-शूची वेळ बसत नाही ती वेगळीच कटकट.

किती द्यायचं यात आम्ही वाटीने मोजायची चूक केली. एकाच वाटीत मी 14 ग्रॅम घालायचो, बायको 20. पिल्लू एवढंसं असताना सहा ग्रॅम म्हणजे थट्टा नाही. किलोभराच्या पिल्लाला दिवसाला अंदाजे 200 कॅलरी लागतात, म्हणजे साधारण 50-55 ग्रॅम ड्राय फूड, तेही ब्रँडप्रमाणे बदलतं, त्यामुळे सरळ किचनचा वजनकाटा घ्या. पाकिटावरचा तक्ता नीट वाचा, बऱ्याच तक्त्यात मोठं झाल्यावरचं वजन धरलेलं असतं, लोक आजचं वजन बघून देतात. दर आठवड्याला वजन करा. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून दिसायला नकोत, आणि खाऊन झाल्यावर पोट ढोलकीसारखं फुगत असेल तर जंताचं औषध कधी झालं ते आठवा.

ट्रीटचा हिशोब तर कोणीच करत नाही! दिवसाच्या कॅलरीत ट्रीट 10 टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे वरच्या पिल्लाला 20 कॅलरी. चीजची एक स्लाइस साधारण 60 ची असते. बघा आता. ट्रेनिंगला त्याच्याच रोजच्या फूडमधले दाणे बाजूला काढून वापरा, त्याला काय कळतंय.

घरी आणल्या आणल्या फूड बदलणं ही पण नेहमीची चूक, वर लूज मोशन झाले की ब्रीडरला शिव्या. आधीचंच फूड काही दिवस चालू ठेवा, मग 7 ते 10 दिवसांत थोडं थोडं नवीन वाढवत न्या. दूध द्यायची पण घाई नको, गाईम्हशीच्या दुधातलं लॅक्टोज बऱ्याच पिल्लांना पचत नाही. पिल्लू दूधच पितं ना, हे खरं, पण आईचं.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल असलेलं काहीही (शुगर फ्री च्युइंग गम, काही पीनट बटर) आणि शिजवलेली हाडं, पूर्ण बंद. एवढ्या छोट्या जिवाला एक मनुका पण जास्त होऊ शकते, खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता फोन करा.

कॅल्शियमची बाटली सगळेच सुचवतात. पाकिटावर पिल्लांसाठी पूर्ण आहार असं लिहिलेलं फूड देत असाल तर डॉक्टर म्हणेपर्यंत वरून काही नको.

आणि चार महिन्यांच्या आसपास अचानक खाणं कमी झालं तर दात पडतायत का बघा, दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडत राहतात, तेवढे दिवस फूड भिजवून द्या. लहान ब्रीडमध्ये दुधाचा सुळा तसाच राहून बाजूलाच नवीन येणं कॉमन आहे, मग मध्ये अन्न अडकतं. चिंगीचे दोन राहिले होते, दुसऱ्या एका ऑपरेशनसाठी भूल दिली होती तेव्हाच काढून घेतले. ती आता अकरा महिन्यांची आहे, पपी फूडवरून अ‍ॅडल्टवर नेतोय, परत तोच काटा आणि तेच थोडं थोडं मिक्स करणं चालू आहे.