फ्रीड्राइक अटॅक्सिया असलेल्या व्यक्तीची श्रवणतपासणी कशी करून घ्यावी

फ्रीड्राइक अटॅक्सिया या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले की चालणे, हृदय, रक्तातील साखर आणि पाठीचा बाक यांच्या तपासण्या ओळीने सुरू होतात. कानाची पाळी आलीच तर शेवटी येते. घरात मात्र तक्रार आधीच सुरू झालेली असते: 'हाक मारली की ओ देतो, पण स्टेशनवर सांगितलेले त्याला काहीच कळत नाही.' ही तक्रार अशाच शब्दांत ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) सांगावी. 'कमी ऐकू येते' असे म्हटल्यास तपासणी चुकीच्या वाटेने जाण्याची शक्यता असते.

या आजारात एफएक्सएन जनुकातील दोषामुळे फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन कमी पडते आणि मज्जातंतू हळूहळू क्षीण होतात. आतल्या कानातील केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) बऱ्याचदा शाबूत राहतात, परंतु तेथून मेंदूकडे जाणारे संकेत एकाच वेळी न पोहोचता विस्कळीत होतात. म्हणून आवाज जाणवतो आणि शब्द निसटतात. यालाच ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात.

साहजिकच नुसता प्युअर टोन ऑडिओग्राम, म्हणजे किती हळू सूर ऐकू येतात याची नोंद, येथे पुरेसा नाही. तो जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो, आणि 'कान ठीक आहेत' हे ऐकून कुटुंब समाधानाने घरी परतते. ठाणे-वाशी परिसरात बाजारपेठेत चालणाऱ्या मोफत श्रवण शिबिरांत बहुधा एवढीच तपासणी होते. अपॉइंटमेंट घेतानाच इम्पीडन्स (मधल्या कानाची तपासणी) व स्टेपीडियल रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाने मधल्या कानातील स्नायू आपोआप आकसणे), ओएई (केसपेशींच्या प्रतिसादाची चाचणी), बेरा (आवाजाला श्रवणमज्जातंतू व मेंदूने दिलेल्या विद्युत् प्रतिसादाची नोंद) आणि गोंगाटातील शब्दओळख या चाचण्या होतात का, हे विचारून घ्यावे. ओएई चांगली आणि बेराच्या लहरी विस्कटलेल्या किंवा गायब, शिवाय रिफ्लेक्स नाहीत, अशी जोडी दिसली की ऑडिटरी न्यूरोपॅथीचा संशय बळावतो. ओएई काळाच्या ओघात नाहीशीही होऊ शकते. त्यामुळे बेरा करताना क्लिकची (कानात ऐकवल्या जाणाऱ्या 'टक्' आवाजाची) ध्रुवता, म्हणजे त्याच्या दाबाची दिशा, उलटी करून दोन वेगळ्या नोंदी घ्याव्यात, अशी विनंती करावी. केसपेशींकडून येणारी लहर ध्रुवतेबरोबर उलटते, मज्जातंतूची तशी उलटत नाही. चांगल्या ऑडिओलॉजिस्टला हे सांगावे लागत नाही, पण फाइलवर आजाराचे नाव ठळक लिहिलेले असावे.

खरी कसोटी शब्दओळखीच्या चाचणीत लागते. रुग्णाचे उच्चार आजारामुळे अस्पष्ट झालेले असतात, त्यामुळे 'पाट' ऐकून 'पात' असे उत्तर आले तर चूक कानाची की जिभेची, हे कळायला मार्ग राहत नाही. यावर साधा उपाय असा, की आधी तीच यादी त्याला डोळ्यांनी वाचून मोठ्याने म्हणायला लावावी आणि त्याचे उच्चार टिपून ठेवावेत; मग ऐकवलेल्या शब्दांची उत्तरे त्या नोंदीशी ताडून पाहावीत. यादी त्याच्या रोजच्या भाषेतील हवी. घरी मराठी बोलणाऱ्याला हिंदी यादी देऊन काढलेल्या गुणांवर फारसे विसंबता येत नाही.

प्युअर टोनच्या वेळी बटण दाबण्याचा आग्रह धरू नये. बोट थरथरत उशिरा पोहोचते आणि उत्तर नेमके कोणत्या आवाजाचे, हे कळत नाही. 'हो' म्हणणे किंवा मान हलवणे सोयीचे, आणि दोन आवाजांमधले अंतर वाढवलेले बरे. बेरासाठी आडवे झोपवून मान व खांदे उशांनी टेकवावेत, कारण ताणलेल्या स्नायूंची विद्युत् खळबळ लहरींमध्ये मिसळते. शांत झोपावा म्हणून औषध देण्याची सूचना झाली, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये. या आजारात हृदयाचे स्नायू जाड झालेले असणे सामान्य आहे. थकवा लवकर येतो, म्हणून सकाळची वेळ घ्यावी आणि गरज पडल्यास दोन बैठका कराव्यात.

सर्व चाचण्या एका ठिकाणी हव्या असल्यास वांद्रे रेक्लमेशनवरील अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत चौकशी करावी. ठाण्याहून लोकलने दादरला गाडी बदलावी लागते. व्हीलचेअर असेल तर पूल आणि गर्दी यांचा विचार करून मोटारीनेच जावे. ध्वनिरोधक खोलीचे दार व उंबरठा व्हीलचेअरला पुरतो का, हे फोनवरच विचारावे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी गैरसमज नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकण्यास कमी' या गटासाठी दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची घट धरली आहे, तेव्हा ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या रुग्णाला त्या गटात बसवता येणार नाही. त्याच्या हालचालींच्या अडचणींवर आधारित अर्ज वेगळा करावा.

साध्या श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, स्पष्टता बहुधा वाढत नाही. त्यापेक्षा बोलणाऱ्याच्या गळ्याजवळ लावायचा आणि त्याचा आवाज थेट ऐकणाऱ्याच्या कानातील यंत्रात पोहोचवणारा रिमोट मायक्रोफोन अनेकांना उपयोगी पडतो. तो दुकानातील शांत खोलीत न अजमावता, पंखा आणि टीव्ही चालू असलेल्या स्वतःच्या घरात किंवा कॉलेजच्या वर्गात काही दिवस वापरून पाहावा आणि परत करण्याची मुदत आधी लिहून घ्यावी. बेराच्या लहरींची मूळ छापील प्रत फाइलमध्ये ठेवावी; साधारण वर्षाने पुन्हा तपासणी करताना तुलना तिच्याशीच होते.