सेप्टिकचं प्रमाणपत्र: अभ्यास लेव्हलचा आणि मातीचा करा

पाईप जोडता येतात, खोदकाम जमतं, म्हणजे सेप्टिक यंत्रणा (घरचं सांडपाणी टाकीत नितळवून चरांतून मातीत मुरवणारी) बसवण्याचं प्रमाणपत्र सहज मिळेल असं समजू नका. परीक्षेत आणि साइटवरही नवा माणूस अडतो तो लेव्हल (कुठली जागा किती उंचीवर हे मोजणं) आणि माती या दोनच ठिकाणी.

आधी ज्या भागात काम करायचं तिथली नियमावली मिळवा. परवाना कोण देतं, टाकीची किमान क्षमता किती, विहिरीपासून अंतर किती, हे सगळं जागेप्रमाणे बदलतं. अमेरिकेत तर एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही. प्रशिक्षण, लेखी परीक्षा, काही ठिकाणी जाणत्याच्या हाताखाली काम केल्याचा दाखला आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरण, असा साधारण क्रम असतो. शिवाय प्रत्येक घराच्या कामाला वेगळी परवानगी लागते आणि माती लोटायच्या आत तपासणी व्हावी लागते. घाईने चर बुजवला तर तो पुन्हा उघडायचा खर्च तुमच्याच गळ्यात.

आता लेव्हलचं गणित. बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, १००.००० मीटर धरा. त्यावर स्टाफ (मापाची उभी पट्टी) उभा केला, लेव्हलच्या उपकरणातून वाचन आलं १.४२०. म्हणजे उपकरणाची उंची १०१.४२०. टाकीच्या आउटलेट पाईपच्या आतल्या तळाला वाचन २.६२०, म्हणजे तो तळ ९८.८०० वर आहे. वितरण पेटी (टाकीतलं पाणी चरांत वाटणारी) १२ मीटरवर, ढाळ १ टक्का, म्हणून उतार १२ सेंटिमीटर. तर पेटीत शिरणाऱ्या पाईपच्या तळाला स्टाफवर २.७४० दिसायला हवं. वाचन वाढलं की जागा खाली असते. हे डोक्यात उलटं बसलं की पाईप चढाला लागतो. अशी गणितं कागदावर नाही, स्टाफ हातात धरून करा.

टाकीचं आउटलेट इनलेटपेक्षा ५ ते ७.५ सेंटिमीटर खाली असतं. टाकी फिरवून उलटी बसवण्याची चूक वाटते तेवढी दुर्मीळ नाही. उतरवण्याआधी तोंडं तपासा. आउटलेटच्या टीचा (T आकाराच्या जोडाचा) पाय पाण्याच्या खोलीच्या साधारण ३५ ते ४० टक्के खाली जातो. वर तरंगणारी साय आणि तळाचा गाळ यांच्या मधलं नितळ पाणीच पुढे जावं, एवढ्यासाठी. वितरण पेटी पक्क्या बैठकीवर ठेवा आणि पाणी ओतून बघा. एक तोंड काही मिलिमीटर खाली असलं तरी बहुतेक पाणी त्याच चरात जातं. तो चर आधी तुंबतो, बाकीचे कोरडे राहतात.

क्षेत्रफळाचं गणित सोपं आहे. रोजचं सांडपाणी १५०० लिटर आणि माती चौरस मीटरला रोज २० लिटर पेलणारी असेल, तर चरांच्या तळाचं क्षेत्रफळ ७५ चौरस मीटर लागतं. चर ७५ सेंटिमीटर रुंद असेल तर एकूण लांबी १०० मीटर, म्हणजे २५ मीटरचे चार चर. अवघड आहे ते २० हा आकडा ठरवणं. त्यासाठी खड्ड्याच्या भिंतीला हात लावावा लागतो. करड्या मातीत गंजासारखे ठिपके दिसले तर पाणी वर्षातला काही काळ तिथवर चढतं असं समजा, मग खड्डा आज कोरडा का असेना. चराचा तळ त्या पातळीच्या किती वर हवा हे नियमावली सांगते.

ओल्या चिकणमातीत खोदणं ही सगळ्यांत महाग चूक. बकेटच्या घासण्याने भिंतीची छिद्रं लिंपली जातात, भिंत चकाकते आणि पाणी मुरतच नाही. खोदायच्या खोलीवरची माती तळव्यांत वळा. ३ मिलिमीटरची वात न तुटता वळली तर त्या दिवशी मशीन लावू नका. थोडं लिंपलं गेलंच असेल तर दाताळ्याने खरवडा. शोषक्षेत्रावरून (चरांच्या जागेवरून) ट्रक नेऊ देऊ नका, खडीचासुद्धा. खडी धुतलेली हवी. भुकटी राहिली तर तळाशी तिचाच थर बसतो.

भूजल वर असेल तर रिकामी टाकी तरंगते, म्हणून ठरल्याप्रमाणे बांधून घ्या. प्लास्टिकची टाकी असेल तर आत पाणी आणि बाहेर भर सोबत चढवा, साधारण ३० सेंटिमीटरच्या थरांत. वापरलेल्या टाकीत मात्र डोकंही घालू नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोड्या वेळात येईनासा होतो, वायू मात्र तिथेच असतो.

झाकण्याआधी घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टाकीच्या झाकणापर्यंत आणि पेटीपर्यंत मापं घेऊन नकाशावर लिहा. उपसा करायला येणाऱ्याला झाकण शोधायला तीच मापं लागतात.