मांजऱ्या की फुरसं?

वरुडकडे संत्र्याच्या ओलिताला लाईन बरेचदा रात्रीच येते. त्यामुळे साप मला दिवसापेक्षा रात्रीच जास्त भेटतात. त्यातला एक मी जहाल विषारी फुरसं समजून काठीनं मारला. सकाळी उजेडात पाहतो तर मांजऱ्या, सौम्य विषाचा साप! बोटाएवढा जाड, मिटरभरही लांब नाही. तेव्हापासून आधी पाहायचं, मग हलायचं, असं ठरवलं.

मांजऱ्या पाहायचा असेल तर पावसाळ्यात, अंधार पडून तासभर झाला की धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरी-बाभळींवर बॅटरी मारा. आधी सरडे शोधा. ते डहाळीच्या शेंड्याला झोपतात अन् उजेडात फिके दिसतात. मांजऱ्या त्यांच्याच मागावर असतो. पाली, पाखरांची पिल्लं अन् उंदरंही खातो, म्हणून घराच्या कौलातही सापडतो. दिवसा ढोलीत, सालीखाली वेटोळं घालून पडलेला असतो.

आता ओळखायचं कसं? लोक सांगतात, डोळ्यात मांजरीसारखी उभी चीर असली की मांजऱ्या. हे ऐकून फसू नका, फुरश्याच्या डोळ्यातही तशीच चीर असते. झाडावर दिसला म्हणजे मांजऱ्याच, हेही खोटं. फुरसं झुडपावर चढतं. मी तीन गोष्टी पाहतो. मान: मांजऱ्याची दोरीसारखी बारीक अन् डोकं त्यामानानं मोठं. शेपटी: लांब, निमुळती होत गेलेली, फुरश्याची आखूड, अंगही बुटकं. तिसरा आवाज, आणि माझा भरवसा त्याच्यावरच जास्त. डिवचला की मांजऱ्या मान उचलून नागमोडी वळवतो, तोंड उघडतो अन् शेपटी थरथरवतो. खाली वाळला पाला असेल तर तो खडखडतो. फुरसं मात्र अंगाच्या खरखरीत खवल्या एकमेकांवर घासतं, करवत चालल्यासारखा आवाज येतो. पण आवाज ऐकायला म्हणून डिवचू नका हो.

मांजऱ्याचं विष सौम्य, दात जबड्याच्या मागच्या बाजूला. तरी साप नक्की ओळखला नसेल अन् चावला, तर मांत्रिकाकडे नाही, सरळ दवाखान्यात. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका.

मोटरघराजवळच्या बोरीवर सध्या एक राहतो. रखवालदाराला सांगून ठेवलं आहे, ती फांदी छाटायची नाही.