घरभर एकाच लयीत: राउटरची निवड आणि अनेक स्पीकरांवर संगीत

बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपण्याची खोली आणि गॅलरी अशा चार ठिकाणी स्पीकर ठेवून एकच गाणे एकाच वेळी वाजवायचे असेल, तर राउटरच्या दुकानात हमखास विचारला जाणारा ‘स्पीड किती पाहिजे?’ हा प्रश्न बाजूला ठेवलेला बरा. संगीताला वेग फारसा लागतच नाही. सीडीच्या दर्जाचा, अजिबात न दाबलेला ध्वनी सेकंदाला साधारण १४११ किलोबिट इतका असतो. फ्लॅकसारख्या पद्धतीने दर्जा न घालवता तो दाबला, तर आकडा आणखी खाली येतो. चारही स्पीकरांनी एकाच वेळी सीडीचा दर्जा मागितला, तरी एकूण मागणी सहा मेगाबिटांच्या आत राहते, आणि हल्लीच्या साध्यातल्या साध्या फायबर योजनेतही तेवढी जागा सहज असते. स्पीकरांना हवी असते ती वक्तशीरता: प्रत्येक खोलीत पुढचा तुकडा वेळेआधी पोहोचला पाहिजे, आणि तो पोहोचवण्यात राउटरने एकाही खोलीला मागे ठेवता कामा नये.

या वक्तशीरतेची गरज कानाच्या स्वभावातून येते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत यायला मुळातच २९ मिलिसेकंद लागतात. तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंतचा फरक कान सहसा पोटात घालतो, पण पन्नासच्या पुढे तोच ठोका दोनदा ऐकू येऊ लागतो आणि घर रिकाम्या सभागृहासारखे घुमते. म्हणून अनेक स्पीकरांच्या प्रणाली आलेला ध्वनी लगेच वाजवत नाहीत. सर्व स्पीकर आधी एकमेकांशी घड्याळ जुळवून घेतात, गाण्याचा थोडा भाग साठवून ठेवतात आणि अमुक क्षणी अमुक तुकडा, असे ठरवून वाजवतात. पंगतीत सगळी पाने वाढून झाल्यावरच जेवायला सुरुवात करावी, तसे. एखाद्या खोलीतले ‘पान’ वेळेत वाढले गेले नाही, तर तो स्पीकर गप्प होतो किंवा मागे पडतो. दोष अशा वेळी क्वचितच इंटरनेट कंपनीचा असतो. बहुतेकदा तो घरातल्या हवेतला असतो.

तेव्हा खरेदीच्या आधी घराची पाहणी करावी. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. पहिली पट्टी भिंतींतून अधिक आत जाते, पण शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांनी ती गजबजलेली असते. दुसरी मोकळी आणि वेगवान असते, पण एक-दोन विटांच्या भिंतींनंतर तिचा जीव जातो. आरसीसीचे खांब आणि स्लॅब दोघींनाही जड जातात, आणि कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या रुंद भिंती तर त्याहून अधिक. त्यात बिल्डरने फायबरची जागा ठेवलेली असते दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे, म्हणजे घराच्या एका टोकाला. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद डीबीएम या एककात दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. फोन हातात घेऊन, जिथे स्पीकर ठेवायचा आहे नेमक्या त्याच जागी उभे राहून, दार लावून आकडा पाहावा. तो उणे ६७ किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर काळजी नाही; उणे ७५च्या पलीकडे गेला तर संगीत आज चालेल आणि उद्या अडखळेल. स्वयंपाकघरात हा आकडा मायक्रोवेव्ह चालू ठेवूनही पाहावा, कारण तो २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करतो. आणि राउटर दिसायला नको म्हणून माळ्यावर पत्र्याच्या डब्यांमागे किंवा फ्रिजच्या आड ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. तसे केल्यास कितीही महागडा राउटर आणला तरी उपयोग नाही.

बहुतेक दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, राउटर घराच्या मध्याजवळ माणसाच्या उंचीवर आणता आला, तर एकच चांगला राउटर पुरतो. खोक्यावरचे मोठे आकडे वाचताना मात्र सावध राहावे. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ मेगाबिट या दोन कमाल वेगांची गोळाबेरीज असते. ‘एएक्स ३०००’ म्हणजे ५७४ आणि २४०२. कोणतेही एक उपकरण एका वेळी यांतली एकच पट्टी वापरते आणि प्रत्यक्षात त्याचाही काही भागच मिळतो. एसी १२००च्या स्वस्त राउटरांपैकी अनेकांना मागच्या बाजूला फक्त १०० मेगाबिटचे पोर्ट असतात, ही गोष्ट खोक्याच्या पुढच्या बाजूवर सहसा लिहिलेली नसते. गिगाबिट पोर्ट असलेला, वाय-फाय ६चा मध्यम किमतीचा राउटर हा आजचा शहाणा पर्याय आहे. वाय-फाय ६ एकाच फेरीत अनेक उपकरणांना छोटे छोटे तुकडे वाटू शकते. बाजारातले बरेचसे स्पीकर स्वतः जुन्या पिढीचेच वाय-फाय वापरत असल्याने त्यांना याचा थेट लाभ होत नाही, पण फोन आणि टीव्ही लवकर मोकळे झाल्याने हवेत जागा उरते. केवळ संगीतासाठी वाय-फाय ७वर पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही. अँटेनांची संख्या मोजून राउटर घेणे म्हणजे तर निव्वळ फसगत.

घर लांबट असेल, दोन मजली असेल किंवा जाड भिंतींचे असेल, तर मेश प्रणाली घ्यावी, म्हणजे एकाच नावाचे जाळे मिळून पसरवणारे दोन-तीन राउटर. यातला कळीचा मुद्दा म्हणजे या डब्यांचा आपसांतला दुवा. तो दुवाही वाय-फायनेच जोडला, तर त्याच हवेतून तोच डेटा दोनदा जातो. वाय-फाय पकडून पुढे पाठवणाऱ्या स्वस्त रिपीटरवर संगीत तुटते ते मुख्यतः यामुळे. शक्य असेल तिथे दोन डब्यांमध्ये कॅट ६ ही नेटवर्कची तार टाकावी. ती शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि एकदा टाकली की पुढे राउटर किती वेळा बदलला तरी कामी येते. घराला रंग देताना किंवा वायरिंग बदलताना इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीत एक वेगळा पाइप टाकून घ्यावा. विजेच्या तारांच्याच पाइपातून ही तार ओढू देऊ नये. जो स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर जागचा हलणार नाही, त्यालाही तार जोडता येत असेल तर जोडावी. वायरलेसच्या लेखात हा सल्ला विचित्र वाटेल, पण तारेवर गेलेले प्रत्येक उपकरण बाकीच्यांसाठी हवा मोकळी करते.

नवा राउटर घरी आला की सर्वांत जास्त लोकांना अडवणारी अडचण समोर येते. फायबर कंपनीने बसवलेला डबा बहुधा स्वतःच राउटर असतो आणि स्वतःचे वाय-फाय पसरवतो. त्याला आपला राउटर जोडला की घरात एकामागे एक अशी दोन जाळी तयार होतात. मग फोन कंपनीच्या वाय-फायवर आणि स्पीकर आपल्या वाय-फायवर राहतात. दोन्हीकडे इंटरनेट चालते, व्हिडिओ दिसतात, पण संगीताच्या अ‍ॅपमध्ये स्पीकर दिसत नाहीत. स्पीकर आपली ओळख एमडीएनएस नावाच्या पद्धतीने देतात, आणि ती हाक त्याच जाळ्यापुरती असते. राउटर ओलांडून ती पुढे जात नाही. यावर सोपा उपाय असा की आपल्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवावा. मग प्रत्येक उपकरणाला जाळ्यातला पत्ता देण्याचे काम कंपनीचा डबाच करतो आणि आपला राउटर फक्त वाय-फाय पुरवतो. त्यानंतर कंपनीच्या डब्याचे वाय-फाय बंद करावे. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीच्या तंत्रज्ञाला सांगून त्यांचा डबा ‘ब्रिज’वर, म्हणजे राउटरचे काम सोडून केवळ जोडणी पुढे देण्यावर, टाकून घेणे; हा मार्ग अधिक नेटका आहे, पण त्यासाठी आपल्या राउटरमध्ये जोडणीचे युजरनेम-पासवर्ड भरावे लागू शकतात आणि त्याच डब्यातून लँडलाइन चालत असेल तर ती चालू राहील ना, हे आधी विचारून घ्यावे लागते. याच कारणाने स्पीकर पाहुण्यांच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर ठेवू नयेत. तिथे उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था असते. मुख्य जाळ्यावरही ‘एपी आयसोलेशन’, म्हणजे उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे सेटिंग, चालू नाही ना, हे पाहावे.

राहिलेली सेटिंग दहा-पंधरा मिनिटांची आहेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीचे चॅनेल, म्हणजे पट्टीचा क्रमांक दिलेला भाग, निवडावे, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८मधले चॅनेल घ्यावे. ५२ ते १४४ या टप्प्यात रडारची चाहूल लागताच राउटरला चॅनेल सोडावे लागते आणि ऐन बैठकीत संगीत थांबते. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ आणि ३ अशी मिश्र पद्धत ठेवावी, कारण जुने स्पीकर केवळ डब्ल्यूपीए ३ असलेल्या जाळ्यावर चढतच नाहीत. प्रत्येक स्पीकरला राउटरमधून कायमचा पत्ता राखून द्यावा. एकाच वेळी अनेक उपकरणांसाठी निघालेला डेटा कोणाकडे पाठवायचा हे ठरवणारे ‘आयजीएमपी स्नूपिंग’ नावाचे सेटिंग काही घरांत स्पीकर सापडण्याची अडचण सोडवते आणि काही घरांत तीच अडचण निर्माण करते. म्हणून ते बदलायचे तर त्या वेळी दुसरे काहीही बदलू नये, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आता स्पीकरांकडे वळू. ब्लूटूथचा विचार इथेच सोडावा: साधा ब्लूटूथ एका फोनला एका स्पीकरशी जोडण्यासाठी आहे, दोन भिंतींपलीकडे तो टिकत नाही आणि फोन आला की संगीतही थांबते. वाय-फायच्या प्रणालींत गूगल कास्ट, अ‍ॅपलचे एअरप्ले २ आणि अ‍ॅलेक्साचे समूह हे सहज मिळणारे मार्ग आहेत. नियम एकच: सगळे स्पीकर एकाच प्रणालीतले घ्यावेत, कारण एका प्रणालीतला स्पीकर दुसऱ्या प्रणालीतल्या स्पीकरशी घड्याळ जुळवत नाही. घरात अँड्रॉइड फोन असतील तर कास्ट, सगळ्यांकडे आयफोन असतील तर एअरप्ले २. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘समूह’ तयार करून त्याला ‘संपूर्ण घर’ असे काही नाव दिले की गाणे एका स्पीकरऐवजी त्या नावावर पाठवायचे, एवढेच काम उरते.

या सोयीची एक किंमत आहे. ही उपकरणे कंपनीच्या मर्जीवर जगतात. जुन्या डेकला वाय-फाय देणारे क्रोमकास्ट ऑडिओ हे छोटे उपकरण गूगलने २०१५ साली आणले आणि २०१९च्या सुरुवातीला बंद केले. मार्च २०२५मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे घराघरांतली ती चालू उपकरणे दुरुस्ती येईपर्यंत काही दिवस ठप्प झाली होती. याउलट लॉजिटेकने २०१२ साली गुंडाळलेल्या स्क्वीझबॉक्स या संगीत वाजवणाऱ्या उपकरणांचा सर्व्हर मुक्त स्रोताचा, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या कोडचा, असल्याने तो आज ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने हौशी लोकांच्या हातात जिवंत आहे.

ज्यांच्याकडे जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि चांगले लाकडी स्पीकर धूळ खात पडले आहेत, त्यांनी थोडी मेहनत करून स्नॅपकास्ट ही मुक्त स्रोताची प्रणाली जरूर पाहावी. एका लहान संगणकावर तिचा ध्वनी वाटणारा सर्व्हर चालवायचा आणि प्रत्येक खोलीत रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर तो ध्वनी घेऊन वाजवणारा तिचा क्लायंट. सर्व्हर मुळात एक सेकंदाचा साठा धरून चालतो. वाय-फाय कमजोर असलेल्या घरात तो दीड-दोन सेकंदांपर्यंत वाढवला की अडखळणे थांबते, फक्त ‘थांबा’ म्हटल्यावर गाणे थांबायला तेवढाच उशीर लागतो. हा छोटा संगणक निवडताना एक लक्षात ठेवावे: रास्पबेरी पाय ४ला ३.५ मिलिमीटरचा ध्वनीचा जॅक आहे, पाय ५ला आणि झीरोला नाही. जॅक असला तरी त्याचा आवाज बेताचाच असतो, म्हणून यूएसबीवर चालणारा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल ध्वनीचे अ‍ॅम्प्लिफायरला चालेल अशा संकेतात रूपांतर करणारे उपकरण, जोडून त्याची पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये द्यावी.

स्पीकर खरोखर एका लयीत आहेत का, हे तपासायला तानपुरा किंवा बासरी लावू नये. लांब स्वरांत चूक दडून जाते. तबल्याचा एकल कायदा किंवा टाळांचा ठेका लावावा, दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात उभे राहावे आणि दोन्ही आवाज सारखे करावेत. ‘ना’चा टणत्कार एकच आणि कडेने स्वच्छ ऐकू आला तर जुळणी बरोबर आहे, तो फाटल्यासारखा वाटला तर काही मिलिसेकंदांचा फरक आहे, आणि दोन वेगळे ठोके मोजता आले तर फरक मोठा आहे. गूगल होम अ‍ॅपमध्ये समूहातल्या विलंबाची दुरुस्ती आणि स्नॅपकास्टमध्ये प्रत्येक क्लायंटचा विलंब मिलिसेकंदांत बदलता येतो. डेकमध्ये स्वतःचा डिजिटल इक्वलायझर चालू असेल तर तो आधी बंद करावा, कारण विलंब पुष्कळदा तिथूनच येतो. टीव्हीचा आवाज मात्र या समूहातून घरभर फिरवण्याचा हट्ट धरू नये: साठ्याच्या त्या सेकंदामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

शेवटी विजेचा प्रश्न. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्यावा, पण राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळतात आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक आहेत, हे वाचून. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, सगळे नाहीत. कंपनीचा फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हाच आधार द्यावा लागतो, कारण पत्ते वाटणारा तोच असेल तर तो उठेपर्यंत स्पीकर बिनपत्त्याचे राहतात. वीज येताच स्पीकर काही सेकंदांत जागे होतात आणि राउटरला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्यात काही स्पीकर शोध सोडून देतात आणि मग त्यांची पिन काढून पुन्हा लावावी लागते. दोन्ही डबे यूपीएसवर असले की हा खटाटोप उरत नाही.