मीटर २५० वॅट सांगतो, पाणी ५०० म्हणतं

२३० व्होल्टवर १००० वॅटची कॉइल मी डिमरवर चालवत होतो. डिमर ९० अंशांवर, म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलचा पहिला निम्मा भाग कापलेला. साधा मल्टिमीटर ११५ व्होल्ट दाखवत होता. कॉइलचा रोध ५२.९ ओहम, म्हणून पॉवर २५० वॅट यायला हवी. पण इन्सुलेटेड भांड्यातलं एक लिटर पाणी मिनिटाला जवळपास ७ अंश तापत होतं! एवढ्याला सुमारे ५०० वॅट लागतात.

साधा मीटर आरएमएस मोजतच नाही. (आरएमएस म्हणजे रोधात तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसी व्होल्टेजइतकं मूल्य.) तो लहरीची सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो. हा गुणक फक्त शुद्ध साइन वेव्हला चालतो. कापलेल्या लहरीचं खरं आरएमएस २३० भागिले √२, म्हणजे १६३ व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले ५२.९, बरोबर ५०० वॅट. ट्रू आरएमएस मीटर लावला, त्यानेही १६३ च्या आसपासच दाखवलं.

आणि ‘आरएमएस पॉवर’ म्हणू नका, कळकळीने सांगतो. आरएमएस व्होल्टेज आणि करंटचं असतं. रोधात त्यांचा गुणाकार म्हणजे सरासरी पॉवर. मोटरसारख्या लोडला पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर आहे, ते सांगणारा आकडा) गुणावं लागतं.